डाळ ट्रॅव्हल्सने, मसाला पोस्टाने : बचत गटाच्या ऑनलाइन विक्रीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातल्या दहा बायकांचा बचत गट तूरडाळ, काळं तिखट, येसर (आमटीसाठी धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेली पूड) आणि शेंगदाण्याची चटणी करतो. आजवर माल आठवडी बाजारात आणि तालुक्याच्या प्रदर्शनात खपला. आता पुण्याहून व्हॉट्सॲपवर विचारणा येते. कुणी म्हणतं मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान उघडा, कुणी म्हणतं रील टाका. सुरुवात कुठून करावी आणि हातात किती उरेल, असं गटाच्या सचिव ताईंनी विचारलं आहे.

ताई, मोठ्या ऑनलाइन बाजारात पहिल्या वर्षी जाऊ नका. डाळ तर तिथे कधीच नेऊ नका. तुमचं गिऱ्हाईक देशभर विखुरलेलं नाही. ते हडपसर, मांजरी, वाघोली, मोशी-चिखली या पट्ट्यात राहतं, लातूर-धाराशिव-नांदेडकडून नोकरीला गेलेलं आहे, आणि येसर म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. अनोळखी माणसाला येसर विकायला आधी त्याला ती खायला शिकवावी लागते. तो खर्च तुमच्या गटाला झेपणारा नाही.

या गिऱ्हाइकाकडे गावचा माल पूर्वीही जात होताच. आईने बांधलेलं गाठोडं, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलेली डाळीची गोणी, पहाटे स्वारगेटला उभा असलेला पुतण्या. फोनमुळे तीच वाट आता शेजाऱ्याला, शेजाऱ्याच्या सोसायटीतल्या बाईला आणि तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला मोकळी झाली आहे. तिथूनच सुरुवात करा.

आधी वजन, मग भाव

ऑनलाइन विक्रीत बहुतेक गट बुडतात ते वाहतुकीत. डाळ जड आणि स्वस्त. मसाला हलका आणि महाग. दोन्हीची वाट वेगळी ठेवावी लागते. खालचे वाहतुकीचे आणि कमिशनचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा मांडा.

२०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. तोच खरेदीचा भाव धरा. शंभर किलो तुरीतून चांगली डाळ साधारण ७० किलो निघते, बाकी चुणी, टरफल आणि तूट. भरडाईची मजुरी आणि चुणी विकून आलेले पैसे एकमेकांत गेले असं धरलं, तरी डाळ किलोला ११४ रुपयांना पडते. निवडणं, वाळवणं, पिशवी, लेबल यांचे १४ रुपये मिळवा, झाले १२८. विक्री १८० ला केली तर वरकड ५२.

आता हाच एक किलो ऑनलाइन बाजारातून पाठवा. कमिशन आणि इतर आकार मिळून १२ टक्के धरले तर २१ रुपये ६० पैसे. खोका आणि चिकटपट्टी १२ रुपये. कुरिअर ८५. खर्च झाला ११८ रुपये ६० पैसे आणि वरकड होती ५२. म्हणजे दर किलोला ६६ रुपये ६० पैसे पदरचे. बरोबरीत यायला भाव अडीचशेच्या वर न्यावा लागेल. त्या भावात डाळ घेणारी माणसं असतात, पण ती थोडी असतात आणि दुसऱ्यांदा क्वचित येतात.

एक खाच आणखी आहे. एक किलो डाळ खोक्यात घातली की वजन एक किलो साठ-सत्तर ग्रॅम होतं, आणि कुरिअरवाला पुढच्या टप्प्याचं बिल लावतो. शिवाय खोका मोठा असेल तर आकारमानाचं वजन मोजलं जातं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्याचं वजन तीन किलो धरलं जातं, आत एकच किलो माल असला तरी. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. म्हणून किराणा दुकानातून मिळालेले रिकामे खोके वापरू नका. फुकटचा खोका सगळ्यात महाग पडतो.

तीच डाळ ट्रॅव्हल्सने पाठवली तर तीस किलोच्या एका नगाला, समजा, दीडशे रुपये लागतात. किलोला पाच. वरच्या गोणपाटाचा एक रुपया धरला तरी किलोमागे ४६ रुपये हातात राहतात. पहाटे नग उतरवून घ्यायला पुण्यात एक खात्रीचं घर लागतं, आणि असं घर गटातल्या कुणाचं तरी असतंच. त्या घराला किलोमागे तीन-चार रुपये ठरवून द्या. फुकट करवून घेतलं की तिसऱ्या खेपेला फोन उचलला जात नाही. तिथून पुढे गिऱ्हाइकाने स्वतः येऊन न्यावं, नाहीतर आपल्याच फोनवरून रायडर बोलवावा आणि त्याचे पैसे त्याला परस्पर द्यावेत. तुम्ही निलंग्यात बसून पुण्यातला रायडर बुक करायला गेलात की पत्ता चुकणं, फोन न लागणं, दुप्पट भाडं, सगळं तुमच्या अंगावर येतं.

ट्रॅव्हल्सवाला सहसा मालाची जबाबदारी घेत नाही. म्हणून प्रत्येक नगावर दोन बाजूंनी नाव, फोन आणि "१ पैकी १", "२ पैकी १" असं जाड मार्करने लिहा. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन पावतीवर घ्या. नग गाडीत चढल्यावर फोटो काढून पुण्याच्या घरी पाठवा. डिझेलच्या डब्याशेजारी किंवा माशाच्या पेटीजवळ गोणी ठेवू देऊ नका. डाळ वास धरते आणि तो वास शिजवल्यावरही जात नाही.

२०० ग्रॅमचं पाकीट

काळं तिखट तुम्ही २५० ग्रॅमच्या पाकिटात विकता. बाजारात ते बरोबर आहे, पार्सलमध्ये चुकतं. कुरिअरचा पहिला टप्पा सहसा ५०० ग्रॅमचा. अडीचशेची दोन पाकिटं घातली की मालच ५०० ग्रॅम झाला. वर पिशवी, पाकीट, लेबल, की गेलं पुढच्या टप्प्यात. २०० ग्रॅमची दोन पाकिटं, त्यांच्या पिशव्या आणि वरचं जाड पाकीट मिळून ४६० ग्रॅमच्या आसपास बसतं.

हिशेब असा: मिरची, धणे, खोबरं, खडा मसाला, भाजणं आणि कांडप धरून किलोला ४४० रुपये पडले, तर २०० ग्रॅमचे ८८. पिशवी आणि लेबलचे ८. विक्री १८० ला. एका पाकिटामागे ८४ सुटले, दोन पाकिटांमागे १६८. पार्सलला ५५ आणि वरच्या पाकिटाला ६ गेले, तरी १०७ उरतात. एकच पाकीट पाठवलं तर उरतात फक्त २३. म्हणून पोस्टाने एक पाकीट पाठवायचंच नाही. "पार्सल दोन पाकिटांपासून" हे वाक्य भावपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा. दोन्ही काळं तिखट नको असेल तर एक येसरचं घेता येईल.

माप बदललं की लेबल बदलावं लागतं. एका ग्रॅमचा भाव आता छापावा लागतो, १८० रुपयांना २०० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ९० पैसे. त्याशिवाय मालाचं नाव, घटक पदार्थ जास्तीपासून कमीकडे, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, लॉट नंबर, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, गटाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी नंबर. शेंगदाणा ज्यात आहे त्यावर "शेंगदाणा आहे" असं वेगळं लिहा. काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. आणि एकाच कांडपावर शेंगदाण्याची चटणी आणि मसाला दोन्ही होत असतील, तर मसाल्याच्या पाकिटावरही तशी सूचना हवी.

अन्न सुरक्षेची नोंदणी लहान उद्योगाला ऑनलाइन करता येते, फी वर्षाला १०० रुपये आहे. हे करून देण्याचे दोन-तीन हजार मागणारे लोक भेटतील. देऊ नका. आधार, फोटो आणि जागेचा पुरावा असला की गटातली शिकलेली मुलगी एका दुपारी अर्ज भरते. नोंदणीची पुढची फी भरायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, कारण आठवणीचा संदेश ज्या नंबरवर येतो तो नंबर बहुतेक वेळा अर्ज भरणाऱ्याचा असतो, गटाचा नसतो.

बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं, आणि बोरसुरी तुमच्याच तालुक्यात. म्हणून पिशवीवर ते नाव छापायचा मोह होईल. मानांकनाचं नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि डाळ त्याच भागातल्या त्याच वाणाची असावी लागते. ती होईपर्यंत लेबलवर "निलंगा तालुक्यातली तूरडाळ" लिहा. तेही पुरेसं आहे.

पाकीट का फुटतं, मसाला का गोळा होतो

कांडपावरून मसाला गरम येतो. गरम असताना भरला की आत वाफ धरते, पाकिटाच्या आतल्या बाजूला घाम येतो, आठ दिवसांत गोळे आणि मग बुरशी. रात्रभर पसरट पातेल्यात, वर सुती कापड टाकून गार होऊ द्या. पावसाळ्यात मात्र रात्रभर उघडा ठेवू नका, हवेतला ओलावा ओढतो. तेव्हा दोन-तीन तासांत पूर्ण गार करून डब्यात बंद करा.

दुसरा दोष कांदा-खोबऱ्याचा. काळ्या तिखटात कांदा अर्धवट भाजलेला राहिला की त्याचा ओलावा आत जातो. खोबरं जुनं असलं की महिन्या-दीड महिन्यात खवट वास येतो, आणि तो आधी पुण्यात येतो, तुमच्याकडे नाही, कारण तिथे पाकीट उघडून ओट्यावर ठेवलेलं असतं. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून तेल झिरपतं, लेबलची शाई पसरते. आतून चांदीचा पडदा असलेली तीन थरांची पिशवी घ्या. शंभर नगाला भाव जास्त सांगतील, हजार घेतल्या की निम्म्यावर येतो. शेजारच्या गटाशी मिळून मागवा.

सील न बसण्याचं कारण मशीन नसतं. पिशवीच्या ओठाला लागलेली पूड असते. नरसाळ्याने भरा, ओठ आतून कोरड्या फडक्याने पुसा, मगच सील करा. सीलची पट्टी आठ-दहा मिलिमीटर रुंद हवी. प्रत्येक लॉटमधली दोन पाकिटं पाण्याच्या बादलीत दाबून बघा. बुडबुडा आला तर त्या दिवसाची सगळी पाकिटं तपासायची. नंतर एक पाकीट छातीच्या उंचीवरून फरशीवर टाका, एकदा सपाट, एकदा कोपऱ्यावर. कुरिअरच्या गोडाऊनमध्ये याहून वाईट होतं.

डाळीत भुंगेरा होतो तो ओलाव्यामुळे. तूर नीट वाळली नसली की भरडताना डाळ तुटते आणि पिशवीत गरम राहते. दाताखाली कट्ट आवाज येऊन फुटली पाहिजे, दबली तर परत उन्हात. पुण्याच्या गिऱ्हाइकाला बिनतेली डाळ हवी असते आणि ती जास्त टिकावी असंही वाटतं. तेलाचा हात लावलेली डाळ कीड लांब ठेवते, दोन्ही एकदम मिळत नाहीत. हे त्याला आधीच सांगा आणि उन्हाळ्यात बिनतेली पाच किलोच्या वर देऊ नका.

प्रत्येक लॉटचं एक पाकीट गटाच्या कपाटात ठेवायचं, मुदत संपेपर्यंत. तक्रार आली की तेच उघडून बघायचं. तुमच्या पाकिटात दोष नसेल तर गिऱ्हाइकाने उन्हात ठेवलं असेल. तुमच्याही पाकिटात असेल तर त्या लॉटच्या सगळ्यांना स्वतःहून फोन करून बदलून द्या. शंभर पाकिटांचं नुकसान सोसवतं. सोसायटीच्या ग्रुपवर एकीने टाकलेला किड्याचा फोटो सोसवत नाही.

पैसे कुणाच्या फोनवर येतात

बाकी सगळं चुकलं तर दुरुस्त होतं, इथलं चुकलं तर गट मोडतो.

गटाचं खातं दोन-तीन सह्यांनी चालतं. अशा खात्यावर पैसे पाठवणारं यूपीआय सहसा चालू होत नाही, कारण एका माणसाच्या पिनवर पैसे काढता येतील. मग सोय म्हणून सचिवाच्या मुलाचा नंबर दिला जातो. मुलगा चांगला असतो. हिशेबही देतो. पण मालाचे पैसे त्याच्या खात्यात, त्याच्या रिचार्जमध्ये, त्याच्या मोटारसायकलच्या हप्त्यात मिसळतात. दिवाळीला वाटप करायची वेळ येते तेव्हा खरं किती आले ते त्यालाही नीट सांगता येत नाही. मिरचीची देठं काढून हात पोळलेल्या बायका एका बाजूला आणि फोन दुसऱ्या बाजूला, ही विभागणी गावोगाव दिसते. गावात इंटरनेट आलं म्हणजे ते बाईच्या हातात आलं असं होत नाही.

उपाय अवघड नाही. बँकेच्या शाखेत जाऊन "गटाच्या खात्यावर पैसे फक्त जमा होतील असा व्यापारी क्यूआर द्या" असं याच शब्दांत मागा. पैसे काढायला सह्या लागतातच, जमा मात्र थेट होतात. यूपीआयने खात्यातून व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांवर २०२० पासून व्यापाऱ्याला आकार नाही. जमा झाल्याचा एसएमएस अध्यक्ष आणि सचिव अशा दोघींच्या फोनवर येईल अशी व्यवस्था होते का तेही विचारा. आवाज करणाऱ्या डबीची गरज नाही, ती समोरच्या गिऱ्हाइकासाठी असते, महिन्याचं भाडं उगाच जातं.

व्हॉट्सॲप बिझनेससाठी वेगळं सिमकार्ड घ्या, गटातल्या एका बाईच्या नावावर, आणि तसा ठराव वहीत लिहून सह्या घ्या. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून तिचा सहा आकडी पिन बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवा. सिम मुलाच्या नावावर असेल आणि तो नोकरीला गेला, तर नंबर जातो आणि त्याबरोबर दोन वर्षांची गिऱ्हाइकं.

गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, कुणी भावावरून वाद घालतं, कुणी सुप्रभातची फुलं टाकतं, आणि चौथ्या महिन्यात दुसरा विक्रेता आतूनच तुमची माणसं उचलतो. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच संदेश प्रत्येकीला वेगळा जातो आणि एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. एका यादीत २५६ जण मावतात. पण तुमचा नंबर ज्यांनी स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून पहिल्या पार्सलबरोबर एक चिठ्ठी घाला: "हा नंबर साठवा, पुढच्या मालाची खबर त्यावरच येईल." महिन्याला दोन संदेश पुरेत. रोज पाठवलं की लोक ब्लॉक करतात, आणि बऱ्याच जणांनी तक्रार केली की नंबरच बंद होतो.

पैसे आगाऊ घ्यायचे. माल पोचल्यावर पैसे हा प्रकार अजिबात नको. दार बंद असलं की पार्सल परत येतं, जाण्या-येण्याचं दुहेरी भाडं बसतं आणि परत आलेला खाण्याचा माल पुन्हा विकता येत नाही. नात्यातल्यांकडे आगाऊ मागायचा संकोच वाटतो, हे खरं. तिथे फोनचा एक उपयोग होतो. भावपत्रक, क्यूआर आणि "पैसे जमा झाल्यावर शुक्रवारी माल निघतो" हे तिन्ही एकाच तयार उत्तरात बांधून ठेवा आणि आत्याला असो वा अनोळखीला, तेच पाठवा. तोंडाने जे बोलता येत नाही ते छापील मजकूर बोलतो, आणि कुणाला राग येत नाही. वानवळा मात्र बंद करू नका. नवी डाळ झाली की भावाच्या घरी दोन किलो जाऊ द्या, पण ती ज्या बाईची तिच्या वाट्यातून, गटाच्या साठ्यातून नाही, आणि वहीत तशी नोंद.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप्स आहेत. गटाच्या खात्यात रक्कम दिसली आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक जुळला, की मगच नाव वहीत चढवा. त्याचे शेवटचे चार अंक रकमेसमोर लिहिले की वाद उरत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे कापले आणि तुम्हाला आले नाहीत, असं होतं. व्यापाऱ्याला केलेला असा अडकलेला व्यवहार बँकेने पाच दिवसांत परत करायचा असतो, नाही केला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगा, माल तोवर पाठवू नका.

फसवणुकीचा ठरलेला साचा असा: "मी लष्करात आहे, आमच्या कॅम्पला ५० किलो डाळ हवी, पैसे आगाऊ देतो, मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दुसरा साचा: चुकून जास्त पैसे आले, फरक दुसऱ्या नंबरवर परत करा. कदाचित ते आलेलेच नसतात. खरंच आले असतील तर ते कुणाला तरी फसवून आणलेले असू शकतात, आणि मग पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं. फरक परस्पर फिरवू नका, बँकेला लेखी कळवा. गोठलेलं खातं सोडवायला बिलं आणि पाठवल्याच्या पावत्या लागतात. फसलात तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

आठवड्याचं वेळापत्रक

पुण्यात दहा मिनिटांत दूध-ब्रेड दारात येतं. त्या सवयीचा माणूस मंगळवारी रात्री लिहितो आणि बुधवारी सकाळी विचारतो, "कुठपर्यंत आलं?" त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याच्या वेगाने पळूही नका. बुधवारी रात्री ऑर्डर बंद, गुरुवारी भरणी, शुक्रवारी रात्री गाडी, शनिवारी पहाटे पुणे, शनिवार-रविवार वाटप. नोकरीवाली माणसं त्याच दोन दिवशी घरी सापडतात. हे वेळापत्रक तीन आठवडे पाळलं की लोक त्याप्रमाणे वागू लागतात.

वर्षाचंही एक वेळापत्रक असतं. नवी तूर पौष-माघात येते, डाळीचा संदेश फेब्रुवारीत. मिरची त्याच सुमारास उतरते, वर्षाच्या काळ्या तिखटाची नोंदणी मार्चमध्ये आगाऊ पैसे घेऊन करा, म्हणजे मिरची खरेदीला सावकार नको. महालक्ष्म्यांच्या आधी डाळ आणि चटणी, दिवाळीला चकलीची भाजणी. आणि येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडचा माणूस शेतात नसला की त्याला करमत नाही. भज्जीचं सामान, म्हणजे ओले हरभरे, वाटाणा, तुरीचे दाणे, पातीचा कांदा, चिंच आणि बेसनाची पुडी एका पिशवीत बांधून आदल्या रात्रीच्या गाडीने पाठवलं, तर हव्या त्या भावाला जातं. पण पालेभाजी प्लास्टिकमध्ये बांधली तर सकाळी काळी पडलेली असते. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, वर भोकं पाडलेला खोका. पन्नास पिशव्यांच्या वर पहिल्या वर्षी घेऊ नका.

रीलबद्दल एवढंच, ती हवी तर करा, पण तिच्यासाठी माणूस अडकवू नका. फोटो मात्र स्वतःचे काढा. ओसरीवर, सकाळी नऊच्या उजेडात, स्टीलच्या ताटात डाळ आणि शेजारी तळहातावर चार दाणे. इंटरनेटवरून उचललेला पिवळाधमक फोटो लावला आणि पाकिटातून तुमची तांबूस डाळ निघाली, की गिऱ्हाईक ती भेसळीची समजतं.

कर आणि हैदराबाद

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात थेट माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारातून विकायला पूर्वी ती प्रत्येकाला लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय, फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. दुसऱ्या वर्षी मसाला तिथे न्यायचा ठरलाच, तर या वाटेने जा. तेव्हाही २०० ग्रॅमच्या दोन पाकिटांचा जोड हाच एक नग म्हणून मांडा, सुटं पाकीट नाही. आणि कबूल करण्याआधी बघा की तुमच्या पिनकोडवरून पार्सल उचलायला गाडी येते का. बऱ्याच गावांत येत नाही, तालुक्याला नेऊन द्यावं लागतं, आणि उशिराचा दंड विक्रेत्यालाच बसतो.

परराज्याचं वेगळं आहे. तुम्हाला हैदराबाद आणि बीदर पुण्यापेक्षा जवळ, आणि तिकडेही आपली माणसं भरपूर. पण पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर आणि मसाल्यावर ५ टक्के कर आहे, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, आधी नोंदणी लागते. नोंदणी केली की विवरणपत्रं, हिशेबनीस, महिन्याचा खर्च, विक्री नसलेल्या महिन्यातही. तो खर्च तिकडच्या महिन्याकाठी दहा-बारा पार्सलांतून निघत नाही. तोवर तिकडच्या विचारणा नाकारताना नंबर टाकून देऊ नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये "हैदराबाद" नावाचं लेबल करून त्याखाली ठेवत जा. महिन्याला साठ-सत्तर पार्सलांएवढी मागणी जमली, तर नोंदणी करा.